कुंतला माउसीचे हात

कटकच्या सरकारी इस्पितळात, बायकांच्या वॉर्डात कुंतला माउसी आली ती मांडीचं हाड मोडलेल्या सासूला घेऊन. पण आठवड्याभरात ती सगळ्या वॉर्डाची झाली. सिस्टर एक आणि खाटा भरमसाट, त्यामुळे रुग्णाचं सगळं घरच्यांनीच करायचं, ही तिथली रीत. ज्यांना जमत नसे त्यांचं माउसी करी. कुणाचं तोंड पूस, कोपऱ्यातल्या म्हातारीची लघवीची पिशवी रिकामी कर, कुणाला कूस बदलून दे. खांद्यावरचा पंचासारखा गामुछा ओला केला की झालं. सगळे तोंडभरून कौतुक करत आणि तिला ते आवडे, उगाच खोटं कशाला बोला!

"माझी सून सगळ्या जगाची," सासू खाटेवरून टोमणा मारी, "माझ्या वाट्याला तेवढा उरलेला, पाण्यात घातलेला पखाळ भात."

शेजारच्या खाटेवर झुनू होती, आतड्याचं ऑपरेशन झालेली विशीतली पोर. तिची आई सुकांती जखम पाहूनच थरथरे, म्हणून तीही माउसीच पुसायची. टाके सुकत आले होते. मग एकाएकी ताप चढला, जखमेतून पू येऊ लागला. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली, ताप काही हटेना.

सिस्टरने माउसीला नळापाशी बोलावलं. "कोपऱ्यातल्या म्हातारीच्या लघवीत जो जंतू आहे ना, तोच झुनूच्या जखमेत निघालाय. कुठल्याच औषधाला दाद देत नाही."

"म्हातारी तर जागची हलत नाही, सिस्टर."

"तुम्ही हलता ना! एकीची पिशवी ओतायची, हात न धुता दुसरीची जखम पुसायची, तेही त्याच फडक्याने. आम्हालाही दिसत होतं हो. आमचं काम हलकं होतंय म्हणून गप्प बसलो." सिस्टरचीही मान खाली गेली.

माउसीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने साबणाने हात घासघासून लाल केले. झुनूचा ताप त्याने थोडाच उतरणार होता? तिच्याकडे बघायचीसुद्धा तिला लाज वाटू लागली. निदान सुकांतीला खरं सांगून टाकायचं, असं तिने मनाशी ठरवलं.

पण सासूला घरी सोडलं त्या सकाळी सुकांतीच आली. तिने माउसीचे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. "माउसी, या हातांमुळेच माझी पोर आजवर तगली गं. आता तिचं कोण करणार?"

"हात नको लावू गं मला!" माउसीने हात मागे ओढले.

सुकांतीला वाटलं, किती साधी बाई! ती वाकून पाया पडली, आणि माउसीने तिला पडू दिलं.