सत्तावीस शहरांची वेळ

दुसऱ्याची वही न विचारता न्हाणीच्या चुलीत घालणाऱ्या बाईला काय म्हणाल? म्हणा, मला राग नाही. ती बाई मीच. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, शाळेत गणित शिकवत होते, आणि कॉम्प्युटरचा तीन महिन्यांचा कोर्स केल्यापासून माझं नाक छपराला टेकलं होतं.

वही आमच्या हेडक्लार्कची. शाळेत ते सगळ्यांचे भाऊ आणि माझे शेजारी. त्यांना काहीही विचारा, आधी खिशातून रबर लावलेली काळी वही निघायची, मग अंगठ्याला थुंकी लागायची. "थांबा बाईनू, वहीक विचारतंय." वेंगुर्ल्याचा गवंडी, चर्चचे पाद्री, नारळ पाडणारा, सगळे तिच्यात. तेही घरं रस्त्यात जशी लागतात त्या क्रमाने. मी म्हणायचे, "ह्यात माणूस शोधायचा म्हणजे चपला झिजायच्या."

"मगे चालल्याशिवाय माणूस गावता खंय?"

त्यांचा एकुलता मुलगा लग्नावरून बापाशी भांडून दुबईला गेलेला. नंबर त्याने फक्त आईला कळवला. तिने तो वहीच्या शेवटच्या पानावर लिहिला आणि त्याच वर्षी ती गेली. आकडे भाऊंच्या डोक्यात राहत नसत. दर रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपली की ते नाक्यावरच्या बूथवाल्यासमोर ते पान धरत. मुलगा फोन उचलत नसे.

"मग लावता कशाला?" मी विचारलं होतं.

"वाजता मां? वाजता म्हणजे तो आसा."

ते रिटायर झाले तेव्हा भेट निवडायचं काम माझ्याकडे आलं. मुख्याध्यापक समई द्या म्हणत होते, ख्रिस्ती माणसाला. मी तडक पणजी गाठली. दुकानदाराने दोन डिजिटल डायऱ्या पुढे ठेवल्या. एक जाडी, मोठ्या बटणांची. दुसरी पातळ, करडी, सत्तावीस शहरांची वेळ दाखवणारी. भाऊ दुबईची वेळ बघतील, म्हणून मी पातळ घेतली. खरं सांगू? ती माझ्या हातात जास्त शोभत होती.

नंबर भरून देते म्हणून त्यांची वही मागून घेतली. दोन संध्याकाळी खपले, आणि काम झाल्यावर वही चुलीत. वर निरोपाच्या भाषणात सांगितलं, "भाऊंच्या वहीवर काल आमचं आंघोळीचं पाणी तापलं." सगळे हसले, तेही हसले. त्यांचा हात मात्र खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

नंतर व्हरांड्यात त्यांनी विचारलं, "शेवटचा पान पण?"

"नंबर आहे की ह्यात."

"नंबर आसा," ते म्हणाले. "अक्षर तिचा होता."

मला तेव्हाही फारसं कळलं नाही.

दीड वर्ष ते त्या बारक्या बटणांवर नख टेकवून मुलाचा नंबर काढत राहिले. मग एका पावसाळ्यात डायरी रुमालात गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. "बाईनू, ही बोलणा नाय."

मी हसत हसत दोन्ही सेल एकदम काढले, नवे घातले. ती जागी झाली, कोरीकरकरीत. सेल एकेक करून बदलायचे, नाहीतर भरलेलं सगळं पुसलं जातं, असं पुस्तिकेत छापलेलं होतं. गणिताच्या बाईंनी पहिल्या पानापुढे पुस्तिका वाचलीच नव्हती. शहरांची नावं तेवढी शिल्लक होती, दुबईसकट.

ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. डायरी माझ्या टेबलावर ठेवून गेले. आज माझी नात तिला खेळण्यातला कॅल्क्युलेटर म्हणते.

रविवारी मिस्सा झाली की ते बूथपाशी बाकावर बसत, थोड्या वेळाने उठून घरी येत. अशी चार वर्षं गेली, मग तेही गेले. मुलाला कुणी कळवलं नाही, कळवायचं कुठे?

पुढच्या मे महिन्यात तो आला. घराला कुलूप बघून माझ्या दारात उभा राहिला, किल्ली माझ्याकडे होती. बाप गेल्याचं मी सांगितलं. डायरीचं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तोच बोलला.

"बाई, पपा दर आयताराक फोन करी. मी कधी उचलूक नाय, पण वाजताना आयकत बसंय. मगे एका आयतारी वाजलोच नाय. माका वाटला, आता पपान पण माका सोडल्यान."