वरचा थर

आंब्याची पेटी भरायची एक रीत आहे. देखणा, रंगाचा आंबा वर आणि बारका तळाशी. ही रीत मी लावलेली नाही. पोरवयात दुसऱ्यांच्या पेट्या भरल्या, मग कराराने कलमं घेतली, आता पालीच्या रस्त्याला माझी स्वतःची वखार आहे. घासाघीस करत इथवर आलो, कोणी उचलून बसवलं नाही. म्हणूनच माझ्या मुलीच्या शाळेतल्या त्या सरांचं बोलणं मी विसरणार नाही.

मुलगी तेव्हा सातवीत होती. तिने प्रकल्पाचं मुखपृष्ठ झकास रंगवलं होतं आणि आतली शेवटची पानं घाईत उरकली होती. पालकसभेत सगळ्यांदेखत सर म्हणाले, "आंबेवाल्याची मुलगी ना? वरचा थर बघून घ्यायचा, खाली हात घालायचा नाही."

लोक हसले. मी उठलोच होतो, तिने माझी बाही धरली म्हणून सर वाचले. घरी येताना ती गाडीवर मागे बसली होती. बडबड माझीच, पार पालीपर्यंत. पुढे दहावीपर्यंत वर्गातली पोरं तिला 'वरचा थर' म्हणूनच हाक मारायची.

यंदा ती दहावीची परीक्षा देऊन वखारीत बसायला लागली, आणि एके सकाळी तेच सर दारात.

"मुलीच्या सासरी पेटी पाठवायचीय. चांगली द्या. संध्याकाळी नेतो."

ते गेल्यावर मी तिला म्हटलं, "बाय, ही पेटी मी भरतो. असा थर लावतो की मास्तराची बोलती बंद."

"मी भरते, बाबा. तुम्ही नुसते गप्प बसा."

"मी कधी गप्प बसलोय?"

"तेच सांगते."

संध्याकाळी सरांनी झाकण उघडलं आणि माझंच डोकं फिरलं. वर सगळे बारके, डागाळलेले आंबे.

"हे काय?" सर माझ्याकडे बघत म्हणाले. "हे व्याह्यांना पाठवू?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात ती म्हणाली, "सर, यातला सगळ्यांत वाईट थर हाच आहे. आता खाली हात घाला."

सरांनी पेंढा बाजूला केला. दुसऱ्या थरात बरे आंबे होते. त्याखाली त्याहून मोठे. तळाला माझ्या बागेतला राजा आंबा, जो मी मुंबईच्या दलालालासुद्धा हात लावू देत नाही. मग त्यांनी एकेक आंबा जिथल्या तिथे ठेवला, पेंढाही स्वतः पसरला.

"तू भरलीस?"

"हो सर."

"पुढच्या वर्षीही तूच भर."

भाव मी एक पैसा उतरवला नाही. त्यांनीही मागितला नाही. बोललेलं मात्र त्यांनी परत घेतलं नाही, आणि जे चारचौघांत बोललं जातं ते चारचौघांतच परत घ्यावं लागतं, असं माझं मत आहे. माझा राग आहे तिथेच आहे.

पण त्या दिवसापासून वखारीत तिचीच रीत चालते. मला ती अजून पटलेली नाही. वरचे आंबे बघून वळणारं गिऱ्हाईक मी रोज बघतो आणि आतल्या आत जळतो. ती मात्र जागची हलत नाही. बसल्या जागेवरून, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारते, "काका, खाली हात घाला."