गालिच्यावर बेस नव्हता

“अय बेसवाल्या, तुह्या डब्यांत दम न्हाई. तुह्या बापाच्या हातात हलगी दे. तो तरी वाजवल.”

आबा सोफ्यावर बसून बोलले. आबा म्हणजे टेंभुर्णीकडच्या एका मोठ्या जमीनवाल्या घरातले कर्ते. त्यांच्या पुतणीचं लग्न होतं, मांडव त्यांच्याच वावरात. भोवतीचे पाहुणे हसले.

मीही हसलो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं मी कितीही शहाणपणाचं बोललो तरी हे खरं आहे. नुसता हसलो नाही, सगळ्यांत मोठ्यानं हसलो. वर म्हणालो, “बराबर, आबा. म्हाताऱ्याला अजून सवय हाय.”

म्हातारा म्हणजे माझे बाबा. ते लांब, मांडवाच्या डाव्या कडेला, माझ्या डब्यांपाशी उभे होते. डब्याच्या फळीवर तळहात ठेवून. माझ्याकडं बघत.

बाबांनी आयुष्यात हलगीला बोट लावलेलं नव्हतं.

मी लग्नं, जयंत्या, गाण्याचे कार्यक्रम यांना साउंड लावतो. बेसचे डबे घरीच बांधतो. पहिला डबा आईच्या दिवाणाच्या फळ्या कापून केला. आई जाफराबादच्या बाजाराहून आली तर झोपायला जागा नाही, आणि घरात एक पेटारा उभा, पोटाला भोक. पहिल्याच गाण्याला मांडणीवरची भांडी खाली आली. दुसऱ्या गाण्याला गल्लीतले बल्ब डोळे मिचकावायला लागले. मला वाटलं, काय ताकद आहे माझ्या डब्याची! ताकद कशाची, करंट पुरत नव्हता. बेस पडला की ॲम्प्लिफायर सगळ्या गल्लीची लाईट ओढायचा आणि थकून बंद पडायचा. हे मला करंट मोजायचं मीटर घेतल्यावर कळलं. तोवर मी स्पीकर विकणाऱ्याच्या सात पिढ्या काढल्या होत्या.

मग आवाज मापायला शिकलो. फोनात एक ॲप, त्याला बोटाएवढा माईक. मांडवात फिरायचं, जागोजागी थांबायचं, पडद्यावरची रेष बघायची. रेष खाली पडली की समजायचं, इथं बेस मेला. घरात बसून हे होत नाही. ऐकणारा जिथं बसणार, तिथं जाऊन उभं राहावंच लागतं.

बाबांना मापायची गरज नव्हती. त्यांनी जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडाच्या मिलमध्ये उमर घातली. लोखंडानं त्यांचे कान खाल्ले. समोरच्याचं तोंड जवळून दिसलं तरच त्यांना बोलणं कळायचं. पण बेस कळायचा. बेसला कान कमी आणि हाडं जास्त लागतात. मी घरी डबा वाजवून बघायचो तेव्हा ते येऊन त्यावर हात ठेवायचे, डोळे मिटायचे. बैलाच्या पाठीवर हात ठेवावा तसं.

पण माझ्या एकाही कार्यक्रमाला ते आले नव्हते. कारण आजा. आज्यापर्यंत आमच्या घरात गावची हलगी होती. कुणाचं लग्न असो की मयत, बोलावणं आलं की दारात जाऊन वाजवायचं आणि दारातूनच परत यायचं. आम्ही बौद्ध झालो आणि आज्यानं ती हलगी चुलीत घातली. बाबा तेव्हा लहान होते, चुलीपुढंच बसलेले. कातड्याचा वास घरातून कितीतरी दिवस गेला नाही म्हणायचे. मी डबे बांधायला लागलो तेव्हा बाबा एकच वाक्य बोलले होते.

“आज्यानं जाळली. तू तिला मोटार बसवली.”

राग होता की गंमत, मला कळलं नाही. मी गंमत समजलो. माझी ती जुनी सोय आहे. शाळेपासून शिकलेली. दुसऱ्यानं हसायच्या आत आपणच आपल्यावर हसून घ्यायचं, म्हणजे लागत नाही.

लग्नाच्या दिवशी डबे उचलणारा गडी आला नाही, म्हणून बाबा आले. सत्तरीला टेकलेला माणूस. म्हणाले, “उचलू न्हाई लागत, पण ढकलू लागतो.” डबे उतरवताना मी बघितलं, त्यांनी घडीचा सदरा घातला होता. जयंतीला घालायचे तो.

करंट मी विहिरीच्या मोटारीच्या लाईनवरून घेतला. मीटर लावून बघितला. आयुष्यात पहिल्यांदा करंट बराबर होता. स्टेजच्या डाव्या अंगाला दोन डबे, उजव्या अंगाला दोन. मग फोन आणि माईक घेऊन मी मांडवाच्या मधोमध निघालो. तिथं लाल गालिचा होता आणि त्यावर मोठ्या पाहुण्यांचे सोफे.

“गालिच्यावर येऊ नको,” आबा म्हणाले.

“मापायचं हाय, आबा. दोन मिनिटं.”

“तिकडून माप. मला काही न्हाई रे, मी मानत न्हाई असलं. पण म्हाताऱ्या माणसांला चालत न्हाई.”

म्हातारी माणसं अजून आलेली नव्हती. फुलांची सजावट करणारी पोरं चिखलाच्या बुटांनी त्याच गालिच्यावरून ये-जा करत होती. मी माझ्या पायांकडं बघितलं. चपला काढून हातात घेतल्या होत्या मी. आधीच. कुणी सांगायच्या आत.

“बराबर हाय, आबा,” मी म्हणालो, आणि डाव्या कडेला जाऊन मापलं. रेष अशी सरळ आली की फोनची पप्पी घ्यावी वाटली.

आता माझा पराक्रम ऐका. उजवीकडच्या डब्यांची वायर मीच आदल्या दिवशी जोडली होती. लाल-काळं उलटं. जोडताना मी टेम्पोवाल्या मित्राला वायर कशी जोडावी यावर भाषण देत होतो. झालं असं की डावे डबे हवा पुढं ढकलायचे तेव्हा उजवे मागं ओढायचे. कडेला उभं राहिलं तर दणका. आणि बरोबर मधोमध, जिथं दोन्हीकडचा आवाज सारखाच पोचतो, तिथं दोघं एकमेकांना खाऊन टाकायचे. मधोमध सोफा. सोफ्यावर आबा. कडेला जेवणाच्या पंगतीत पत्रावळी थरथरत होत्या आणि आबांच्या छातीत काहीच वाजत नव्हतं.

वायर मी चुकवली, ते माझं. पण मधोमध उभा राहिलो असतो तर पहिल्या ठोक्याला कळलं असतं. चूक दुरुस्त करायची जागा गालिच्यावर होती.

मग आबा बोलले. पाहुणे हसले. मी हसलो.

परत येताना बाबा आणि मी टेम्पोच्या मागं डब्यांच्या मधे बसलो होतो. मी मनात म्हणत होतो, बरं झालं, इतक्या लांबून त्यांना ऐकू गेलं नसणार. त्यांनी माझ्या तोंडाजवळ तोंड आणलं.

“तो काय म्हणला?”

“काही न्हाई. बेस चांगला हाय म्हणला.”

ते डब्यावर हात ठेवून बसून राहिले. डबा बंद होता. मग म्हणाले,

“चांगला म्हणला, मंग तू तसा काहून हसला?”

मी डब्यांची दोरी आवळायला लागलो.

“तुहा आजा तसा हसायचा,” बाबा म्हणाले. “हलगी जाळायच्या आधी.”

दोन दिवसांनी मला वायर सापडली. प्रत्येक डब्याला पेन्सिल सेल टेकवून बघितला. डाव्यांचा पडदा बाहेर यायचा, उजव्यांचा त्या वायरीतून आत जायचा. बाबांना दाखवलं. ते मनापासून हसले. “येडा हाये,” म्हणाले. वायरचं मी सगळं सांगितलं. दुसरं सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू. थंडीत बाबांच्या छातीत पाणी झालं आणि ते गेले. आबा काय बोलले आणि त्यावर मी काय बोललो, हे त्यांना न कळताच गेले. की कळलेलं होतं? आता कुणाला विचारू?

पुढच्या लग्नसराईत त्याच घरातून परत बोलावणं आलं. आबांच्या मुलाचं लग्न. मी गेलो. हो, गेलो. त्या भागातली निम्मी कामं त्या घराच्या शब्दावर मिळतात. वायर तीनदा तपासली होती. फोन, माईक घेतला आणि गालिच्यापाशी आलो. चपला पायात होत्या.

“मागंच थांब,” आबा म्हणाले. “मापायचा तुहा तो माईक आमच्या घरच्या एखाद्या पोराजवळ दे. तो मधी धरून उभा राह्यल.”

गालिच्यावर माझा माईक चालत होता, मी चालत नव्हतो.

“मी उभा राह्यतो, आबा.”

“काहून? पोरगं काय माईक खाऊन टाकील?” भोवतीचे हसले. आबा माझ्याकडं बघत थांबले. सगळेच थांबले. माझी पाळी होती. माझं तोंड सवयीनं उघडायला आलं होतं, गाल वर निघाले होते. मला टेम्पोतला तो बंद डब्यावरचा हात दिसला.

मी हसलो नाही.

एवढंच केलं. पण हसू न आल्यावर त्या गालिच्यावर जी शांतता झाली ती मी कुठल्याच माईकवर मापलेली नाही. आबांची नजर पहिल्यांदा खाली गेली, माझ्या चपलांवर. मी गालिच्यावर पाय ठेवला. मधोमध गेलो. उभा राहिलो.

“खाली उतर,” आबा म्हणाले. आता आवाजात गंमत नव्हती.

“उतरतो. मंग डबेबी जातील.”

“जाऊ दे.”

आम्ही डबे परत टेम्पोत चढवले. मित्र रस्ताभर बडबडत होता, “सगळा सीझन घालवला तू, बाप्पा.” खरं होतं. त्या भागातून त्या वर्षी एकही बोलावणं आलं नाही. डबे घरात पडून राहिले आणि आई त्यांच्यावर वाळवणं घालायला लागली.

आता काम ठरवताना मी आधीच सांगतो. मी मधोमध उभा राहीन, मग बटण दाबीन. जिथं मला उभं राहता येत नाही तिथं माझा डबा टेम्पोतून उतरणार नाही. चुका करीन, त्या माझ्याकडं भरपूर आहेत, आणि त्यांच्यावर हसायलाही मी समर्थ आहे. पण माझ्या बापावर कुणी बोललं, तर काय बोललं हे माझ्या तोंडावर दिसेल. लांब, डब्यापाशी उभ्या असलेल्या, ऐकू न येणाऱ्या माणसालाही दिसेल.