भिंगरीबाईंची खुडणी

चार वर्षं आम्ही त्यांच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिलो, पण भिंगरीबाईंना निवांत टेकलेलं मी फार तर तीनदा पाहिलं असेल. कॉफी उभ्याने, फोन उभ्याने. टीव्हीवरच्या बातम्यासुद्धा त्या हातात फडकं घेऊन कपाट पुसता पुसता ऐकायच्या. वय ब्याऐंशी. नाव ठेवलं सुजाताने, माझ्या बायकोने. पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "या बाईंच्या पायाला भिंगरी आहे." त्यानंतर त्यांचं लांबलचक खरं आडनाव आमच्या घरात फक्त भाड्याच्या करारावर उरलं.

स्टुटगार्टहून एस-बान या लोकल गाडीने पाऊण तासावरचं ते गाव. मागे डोंगर आणि डोंगरभर द्राक्षांच्या ओळी. तिकडे जिना आणि अंगण झाडायची पाळी घराघरात वाटलेली असते, केअरवॉखे म्हणतात तिला. आमचा आठवडा आला की सुजाता शनिवारी झाडू घेऊन खाली जायची आणि जिना आधीच लख्ख असायचा. शेवटी मी धीर करून म्हणालो की या आठवड्यात पाळी आमची होती. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, "म्हणून तर पाहायला आले होते. पाहता पाहता झाडून झालं." त्यांच्याशी भांडायची सोयच नव्हती.

आणि गंमत म्हणजे हे गाव त्यांचं नव्हतंच. हे सासर. माहेर ऱ्हाइन नदीच्या पलीकडे, फ्रान्समध्ये, अल्सास भागातलं द्राक्षांचं एक खेडं. एकच रस्ता, एक चर्च, आणि प्रत्येक घराला भरलेली घोडागाडी आत जाईल एवढं फाटक. साठ वर्षं इकडे काढूनही 'घरी' म्हणजे तिकडेच. "घरी पाऊस पडतोय," असं त्या म्हणाल्या की खिडकीबाहेर पाहून उपयोग नसायचा.

त्या गावाचा इतिहास त्या फडकं मारता मारता सांगायच्या. त्यांच्या आजोबांनी म्हणे खुर्ची न हलवता तीनदा देश बदलला. कधी जर्मन राज्य, कधी फ्रेंच. दर वेळी रस्त्यांच्या पाट्या नव्या आणि शाळेची भाषा नवी. "माझ्या वडिलांनी फ्रेंच बोलल्याबद्दल मार खाल्ला, मी घरची बोली बोलल्याबद्दल. मास्तर बदलले, छडी तीच." म्हणून ते गाव तोंडाने कुलूपबंद झालं. कोण कुणाच्या बाजूचं यावर कोणी बोलायचं नाही. बोलायचं ते हवेवर आणि द्राक्षांवर, आणि द्राक्षं किती झाली हे पाद्रीबुवालाही सांगायचं नाही. खुडणी कधी सुरू करायची तो दिवस मात्र सगळ्यांचा एक. तो जाहीर होण्याआधी स्वतःच्या मळ्यातला घड तोडला तरी ती चोरी.

अशा गावात यांनी नवरा निवडला तो जर्मन गवंडी. युद्ध संपून वीसेक वर्षं झाली होती, पण वडील त्याच्याशी एक शब्द बोलेनात. गवंडी पहिल्या वर्षी दहा दिवसांची रजा काढून खुडणीला आला आणि ऑक्टोबरच्या गारठ्यात शेवटच्या ओळीत मुकाट राबला. शेवटच्या दिवशी वडिलांनी त्याची ताटली उचलून आपल्या शेजारी ठेवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "जो खुडतो तो घरचा. बाकीचे पाहुणे." तेव्हापासून भिंगरीबाईंनी एकही खुडणी चुकवली नव्हती. नवरा गेला त्या वर्षीही नाही.

खरं सांगतो, 'जो खुडतो तो घरचा' हे वाक्य मला आवडलं नव्हतं. आमच्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांची शेतं कापली, घरचं कोणी म्हटलं नाही. भाकरीसुद्धा लांबून टाकली. आजोबांनी दीक्षा घेतली, गाव सोडलं, नागपूरला गिरणीत लागले आणि घरात पुन्हा गावाचं नाव काढलं नाही. आम्ही गावाकडे पाठ करून शिकलेली माणसं. नोकरी, शहर, देश बदलताना मला काही सुटल्याचं दुःख होत नसे; उलट जास्त दिवस एका जागी राहिलो की तळव्यांना खाज सुटायची. हे सगळं मी एकदा भिंगरीबाईंना सांगून टाकलं. त्यांचा फडक्याचा हात थांबला. "मग नियम त्या गावाने मोडला," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कपाट पुसू लागल्या.

पूर्वी ऑक्टोबरात येणारी खुडणी आता उन्हामुळे ऑगस्टच्या शेवटाला येते. मळा आता त्यांच्या भाच्याकडे होता आणि भाचा फोन करणारा नव्हे, मेसेज टाकणारा. भिंगरीबाईंना मोबाईल नको. मोबाईलवाला म्हणजे खिशात घंटा घेऊन फिरणारी गाय, म्हणायच्या. त्यामुळे भाच्याला माझा नंबर दिलेला. पंधरा ऑगस्टपासून त्या दिवसातून चारदा जिना चढून यायच्या. काही आलं? नाही. मग खाली जायच्या, पिशवीतली कात्री काढून तेल द्यायच्या, परत भरायच्या. मेसेज एका शब्दाचा असायचा. 'उद्या.' तो मी वाचून दाखवला की तासाभरात त्या स्टेशनवर.

आमच्या चौथ्या वर्षी तो 'उद्या' आला तेव्हा मी ऑफिसात साहेबांच्या दारापाशी उभा होतो. वाचला, संध्याकाळी सांगू म्हणून फोन खिशात टाकला. आत गेल्यावर कळलं की माझं कंत्राट वाढवणार नाहीत. व्हिसा, घर, मुलीची शाळा, सगळं डोक्यात गरगरायला लागलं. त्या संध्याकाळपासून मी घरी नुसते अर्ज भरत बसलो. भिंगरीबाई रोज वर येऊन विचारून जात होत्या म्हणे. सुजाताला काही माहीतच नव्हतं, आणि मला खोलीचं दार उघडायचं सुचलं नाही.

आठवलं ते चौथ्या दिवशी सकाळी. मी खाली धावलो आणि जे झालं ते सांगितलं. त्यांनी पिशवी उचलली. मी त्यांना गाडीत घालून अडीच तासांत गावात नेलं. त्या वर्षी ऊन असं होतं की वरचा तुकडा, जो एरवी मागाहून पिकतो, तोही थांबला नव्हता. दोन दिवसांत सगळं उरकलं होतं. भाचसुनेने आनंदाने आमचं स्वागत केलं, बैठकीच्या खोलीत पांढरा टेबलक्लॉथ अंथरला, चांगले पेले काढले. खुडणारी माणसं अंगणात जेवतात, हे मला ठाऊक होतं. भिंगरीबाई खुर्चीत ताठ बसल्या, वाइनची तारीफ केली, आभार मानले. परतताना ऱ्हाइनचा पूल ओलांडल्यावर एवढंच म्हणाल्या, "आज त्यांनी मला पाहुणी केलं." त्या मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. ती लाज मला आजही आहे.

नोव्हेंबरात मला बॉनला नोकरी मिळाली आणि आम्ही घर सोडलं. निघताना त्यांनी मुलीला तीन वेळा जवळ घेतलं, आणि ट्रक हलायच्या आत आमचा रिकामा मजला झाडायला घेतला. वसंतात त्या तळघराच्या जिन्यावर पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, आणि त्यांना शेजारच्या शहरात वृद्धाश्रमात ठेवलं. भिंगरीला चाकांची खुर्ची. मी रविवारी फोन करायचो. आपण कशा आहोत हे त्या कधी सांगत नसत. घरी द्राक्षांना रंग भरला का, एवढंच विचारायच्या.

ऑगस्टच्या शेवटी, बॉनमध्ये, फोनवर 'उद्या' आला. माझा नंबर काढून टाकायचं भाच्याच्या लक्षात राहिलं नसावं. मी मीटिंगमधून उठून बाहेर गेलो आणि भिंगरीबाईंना तो शब्द वाचून दाखवला.

"जा, मग मला काय सांगतोस?" त्या म्हणाल्या. "निघ."

मी निघालो. भाच्याला वाटलं, मी आत्याबाईंची काही वस्तू न्यायला आलोय. मी म्हणालो, त्यांच्या वाटची ओळ द्या. त्याने माझ्या बुटांकडे पाहिलं आणि कात्री दिली. दोन दिवस खुडलं. पाठ मोडली, बोट कापलं, गांधीलमाश्या चावल्या, आणि माझ्या शेजारची म्हातारी माझ्या दुप्पट वेगाने पुढे जात राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी काम आटपल्यावर मी बाईंना फोन केला. त्यांनी एकच विचारलं, हात चिकट झालेत का. हो म्हणालो.

"धुऊ नकोस. तसाच ये."

गाडीचं स्टिअरिंग हाताला चिकटत होतं. मी पोचलो तेव्हा आश्रमात संध्याकाळच्या जेवणाची ताटं लागत होती. त्यांनी माझे दोन्ही हात धरले, नाकाशी नेले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मला रडू आवरेना. मग डोळे उघडून म्हणाल्या, "हा खालचा मळा. वरचा राहिलाय."

मी म्हणालो, हो, यंदा तो मागाहून आहे, पण मला सोमवारी कामावर जायचंय.

"वरचा आम्ही सोमवारीच खुडायचो," त्या म्हणाल्या आणि माझे हात सोडले.

त्यानंतर आठव्या दिवशी त्या झोपेतच गेल्या. मातीला सासरचं गाव जमलं, भाचाही आला होता. माझ्याशी हात मिळवला, फार बोलला नाही. तिकडची माणसं बोलतच नाहीत. आणखी चार दिवसांनी, रविवारी, जेवताना फोन वाजला. त्याचाच मेसेज. 'उद्या वरचा.'

सवयीने मी बाईंना फोन लावायला नंबर काढला, आणि मग ध्यानात आलं. भाच्याने त्यांना माती देऊन चारच दिवस झाले होते. निरोप कुणाला पोचवायचा नव्हता. तो मलाच होता.