आखाजीची अदलाबदल

खान्देशात वर्षाच्या बोलीने शेतावर राबणाऱ्या सालदाराचं साल आखाजीला बदलतं. आमच्या दोन गिटारींचंही तसंच आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, धुळ्याचा माझा मित्र त्याच्याकडची गिटार घेऊन एसटीने जळगावला येतो, माझ्याकडची घेऊन जातो, आणि पुढच्या आखाजीपर्यंत ती त्याच्या घरी राबते. कॉलेजात आम्ही एकाच ऑर्केस्ट्रात वाजवायचो. ऑर्केस्ट्रा बुडाला, तो धुळ्यात नोकरीला आणि संसाराला लागला, मी जळगावातच राहिलो. लग्न आधी जमेना, मग जमवायचं राहून गेलं.

दोन्ही गिटारी रीइश्यू, म्हणजे गाजलेलं जुनं मॉडेल कंपनीने जुन्याच मापावर पुन्हा काढलेलं. एकीचा नेक, म्हणजे तारा दाबायची मान, जाड, कुदळीच्या दांड्यासारखा मूठभर. दुसरीचा चपटा, बोटं पळतात छान, पण तळहाताला टेकायला काही मिळत नाही आणि तासाभरात मनगट धरतं. तारांखाली आवाज पकडणारे पिकअप असतात, त्यांचंही पटत नाही. जाडीचे एकेरी गुंडाळीचे, आवाज कोरडा, स्वच्छ, मात्र ट्यूबलाइट लावली की गुणगुणत बसतात. चपटीचे दुहेरी, ते गुणगुणत नाहीत, पण त्यांचा आवाज मला तूप जास्त झालेल्या वरणासारखा वाटतो. मित्राच्या मते माझ्या कानात भुसा भरलाय.

हा वाद दर रविवारी सकाळी फोनवर चालतो. आठवड्यात माझ्याशी कोणी बोलतं ते तेवढंच. खालच्या मजल्यावरचे विचारतात, जेवण झालं का, आणि उत्तर ऐकायच्या आत जिना उतरलेले असतात. केळीच्या भावावर अख्खी दुपार बोलणारे जळगावात पायलीला पन्नास मिळतील, पिकअप किती वर उचलावा यावर कोणी घटकाभर थांबत नाही. म्हणून रविवारी मी लवकर अंघोळ उरकून फोनजवळ बसतो. हा फोन बंद पडला तर काय, हा विचार मी मनात येऊ देत नाही.

गेल्या आखाजीला जाडी त्याच्याकडे गेली. वर्षभर तो तिच्याबद्दल भरभरून बोलला. पावसाळ्यात नेक जरा वाकला म्हणाला, थंडीत सरळ झाला म्हणाला. पुढचा पिकअप थोडा खाली केला की आवाज मोकळा होतो, असंही त्याने सांगितलं. मी जोरात विरोध केला, कारण विरोध केला की फोन लांबतो.

यंदा तो आला तो उन्हाने पार करपून. खांद्यावर गिटारीची पेटी, हातात डबा. डब्यात वहिनींनी दिलेली खापरावरची पुरणपोळी आणि आमरस. तो हातपाय धुवायला गेला तेव्हा मी पेटी उघडली.

प्रवासात तारा नेकवर घासू नयेत म्हणून गिटार देताना मी तारांखालून कापडाची पट्टी ओवून मागे गाठ मारतो. माझ्या जुन्या निळ्या सदऱ्याची ती पट्टी जागच्या जागी होती. गाठ माझीच, डावखुऱ्या माणसाची उलटी गाठ. तारा मी बसवलेल्या, तशाच लकाकत होत्या. त्यांना कोणाचं बोट लागलंच नव्हतं. पिकअपही मी ठेवला होता तिथेच होता.

मला आधी राग आला. वर्षभर हा माणूस मला फसवत होता, मी वेड्यासारखा त्याच्याशी भांडत होतो. तो टॉवेलने तोंड पुसत आला, तेव्हा मी गाठीवर बोट ठेवलं.

तो खुर्चीत बसला. मग डावा हात पुढे करून त्याने मूठ वळायचा प्रयत्न केला. दोन बोटं अर्ध्यावरच थांबली.

"बोटं वळत नही, भाऊ," तो म्हणाला. "पन रविवारे तू वाट दखस ना."

तू वाट बघतोस ना, एवढंच. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला लाज वाटेल इतकं रडू आलं. मी ते आमरसाच्या वाट्या आणायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात उरकलं. जेवताना बोटांवर काय काय उपाय झाले ते त्याने सांगितलं. डॉक्टरांनी आता फार आशा धरू नका म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी तो निघाला तेव्हा मी चपटी त्याच्या खांद्याला अडकवली. नको म्हणाला नाही. नेहमीसारख्या मी तिला नवीन तारा लावल्या होत्या, पट्टी ओवून गाठ मारली होती.

रविवारी फोन आला. नेक हलका आहे, पण पिकअप गुणगुणतोय, असं तो म्हणाला. चपटीचे पिकअप गुणगुणत नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. मी त्याला ट्यूबलाइट बंद करून बघायला सांगितलं.

थांब, म्हणाला. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, पावलं ऐकू आली, आणि तिकडे धुळ्यात, भर उजेडात, बटण वाजलं.