नोकरीचा दाखला

मंदी आली त्या वर्षी लेकीला बारावीला ब्याऐंशी टक्के पडले. पुण्याच्या कॉलेजांसाठी ते कमीच, पण आखातात काम करणाऱ्यांच्या मुलांसाठी इंजिनीअरिंगच्या काही जागा राखीव असतात. त्यासाठी बाप इथे आखातात नोकरीला आहे, असं ऑफिसचं पत्र लागायचं.

आमच्याकडे तेव्हा एचआरच्या केबिनमध्ये गेलेला माणूस बाहेर येऊन टेबल आवरायला घ्यायचा. उगाच कशाला नजरेत भरायचं, म्हणून मी तीनदा दारापर्यंत जाऊन परतलो. बायकोला सांगायचो, एचआरचा मॅनेजर रजेवर आहे. चौथ्या संध्याकाळी लेकीवरच डाफरलो, "अजून आठ-दहा टक्के पाडले असतेस तर हे पत्रच लागलं नसतं."

ती शांतपणे म्हणाली, "बाबा, आर यू स्केअर्ड?"

दुसऱ्या दिवशी गेलो. मॅनेजरने पाच मिनिटांत पत्र हातात दिलं. ‘आजच्या तारखेस नोकरीत आहेत,’ एवढंच त्यात होतं.

"फॉर्म पुढच्या आठवड्यात भरायचाय," मी हिंदीत म्हणालो, "तेव्हाची तारीख टाकता येईल का?"

त्याने मानही वर केली नाही. "हबीबी, अगले हफ्ते का तो मैं अपना भी नहीं लिख सकता."