पेद्रा मान्साचा निकाल

वली बुरोंडकरला एका जागी बसता यायचं नाही. मेसमध्ये सगळे पंगतीने जेवायचे आणि हा हातात रोटी घेऊन दारापर्यंत फेऱ्या मारायचा. दापोलीकडच्या बुरोंडीचा हा माणूस आखातातल्या उम्म सईदच्या बंदरात लाँच चालवणारा सारंग होता. तेलाची जहाजं किनाऱ्यापासून लांब नांगर टाकायची. त्यांच्याकडे माणसं न्यायची आणि परत आणायची हे त्याचं काम. पाण्यावर असला की तो जरा निवायचा. जमिनीला पाय लागले की पुन्हा चुळबुळ सुरू.

त्याचे खोलीसोबती फजल परकार म्हणायचे, "तुझ्या बुडाखाली निखारा ठेवलाय का रे कोणी?"

फजलभाय रायगडकडचे, बंदर-कचेरीत कारकून. वयाने मोठे, म्हणून वली हसून सोडून द्यायचा. खरं कारण तो सांगत नसे. त्याचे वडील बुरोंडीहून मालाचं गलबत घेऊन गेले ते परतलेच नाहीत. बुडाले, वाचले, कुठे लागले, काहीच कळलं नाही. कित्येक वर्षं आई दारावर थाप पडली की उठून उभी राहायची. त्या घरात वाढलेल्या वलीला वाईट बातमी पचवता यायची; बातमीच न येणं त्याला सोसवत नसे.

शुक्रवारी जुम्यानंतर, ऊन कललं की कॅम्पमागच्या रेतीत फुटबॉल रंगायचा. धूळ बसावी म्हणून मैदानावर टाकाऊ तेल शिंपडलेलं असायचं. पडला की गडी काळा होऊनच उठायचा. १९५५च्या हिवाळ्यात अशाच एका खेळात एक उंच, सावळा खलाशी न विचारता घुसला आणि वलीच्या पायातला चेंडू अलगद काढून घेऊन गेला. तो बेनेदितो. पनामाच्या निशाणाच्या एका टँकरवर इंजिनात तेलपाण्याचं काम करायचा. मूळचा ब्राझीलचा.

खेळ संपल्यावर दोघं रेतीत बसले, म्हणजे बेनेदितो बसला आणि वली त्याच्याभोवती फिरत राहिला. मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत बेनेदितोने आपल्या गावाची गोष्ट सांगितली. गावाचं नाव पेद्रा मान्सा. नदीकाठचं छोटं शहर, एक साखर कारखाना, एक रेल्वेचं वर्कशॉप. वर्कशॉपमधल्या कामगारांनीच तीस-पस्तीस वर्षांपूर्वी क्लब काढला. नदीला पूर आला की मैदान पाण्याखाली जायचं आणि ओसरताना पाणी लाल चिखलाचा थर ठेवून जायचं. मोठ्या शहरांतले क्लब येऊन पाच-पाच, सहा-सहा गोल चढवून जायचे. एकदा मात्र राजधानीच्या क्लबला त्यांनी एक-एक असं रोखलं, तेव्हा वर्कशॉपचा भोंगा तासभर वाजत ठेवला होता.

"आणि या वर्षी?" वलीने विचारलं.

"या वर्षी सहा मॅच जिंकल्या, चार हरल्या. मी निघालो तेव्हा तीन बाकी होत्या."

"त्या तीनचं काय झालं?"

बेनेदितोने खांदे उडवले. त्यालाही घरचं पत्र मिळाल्यावरच कळणार होतं. वलीला त्या रात्री झोप लागली नाही.

जहाज पुढच्या खेपेला आलं तेव्हा वलीने लाँच शिडीला लावायच्या आधीच खालून ओरडून विचारलं. दोन जिंकल्या, एक बरोबरीत! वली एवढा हरखला की दोर फेकायचाच विसरला. मग तो रिवाजच पडला. टँकर यायचा, बेनेदितो कठड्यावरून बोटांनी गोल दाखवायचा, आणि कधी न पाहिलेल्या गावासाठी वलीचा दिवस उजळायचा नाहीतर करपायचा.

"तुझा कोण लागतो तो क्लब?" फजलभाय विचारायचे.

"कोणी नाही," वली म्हणायचा. "पण निकाल तर लागतो ना त्यांचा."

१९५६च्या शरदात बेनेदितो आला तो डोळे चमकावतच. पेद्रा मान्सा दुसऱ्या गटाच्या अंतिम सामन्यात पोहोचला होता. जिंकला की वरच्या गटात, इतिहासात पहिल्यांदा. सामना अजून व्हायचा होता. "पुढच्या खेपेला सांगतो, इन्शाल्ला," तो वलीकडूनच शिकलेला शब्द वापरत म्हणाला आणि गेला.

पुढची खेप आलीच नाही. सुएझचा कालवा बंद झाला, जहाजांचे रस्ते फिरले. कालवा उघडला तरी ते जहाज काही दिसेना. वली येणाऱ्या प्रत्येक जहाजावर विचारायचा, "ब्राझीलचा कोणी आहे का?" ग्रीक असायचे, इटालियन असायचे, गोव्याचे असायचे. ब्राझीलचा कोणी नसायचा.

मग १९५८च्या जानेवारीत कळलं की बाहेर नांगरलेल्या टँकरवर ब्राझीलचा एक आचारी आहे. नेमकं त्याच दिवशी शमाल सुटला होता. उत्तरेचा तो वारा समुद्र नुसता उकळवत होता आणि लाँच सोडायला मनाई होती. दुपारपर्यंत वलीने धक्क्यावर इतक्या येरझाऱ्या घातल्या की पाहणाऱ्यांना घेरी यावी. टँकर संध्याकाळी निघणार होता. शेवटी त्याने लाँच सोडली. इंजिनवाला बशीर म्हणाला, "वलीभाय, साहेब सोडणार नाही आपल्याला."

"जाऊन येऊ. यल्ला!"

लाटांतून चिंब होत ते टँकरखाली पोहोचले. वलीने तोंडाभोवती हात धरून हाका मारल्या. आचारी कठड्याशी आला.

"पेद्रा मान्सा!" वली ओरडला. "जिंकले का?"

"कुठलं?"

"पेद्रा मान्सा! फुटबॉल!"

आचाऱ्याने मान हलवली. हे नावच त्याने कधी ऐकलं नव्हतं. त्याचा देश केवढा मोठा आहे हे सांगायला त्याने दोन्ही हात फाकवले आणि आत निघून गेला.

परतताना धक्क्यापाशी लाटेने लाँच उचलून खांबावर आपटली. फळी फुटली आणि मधे सापडलेल्या बशीरचा हात मोडला.

त्या संध्याकाळी फजलभायांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पोराबाळांचा बाप तो! त्याचा हात मोडला, आणि कशापायी? तुला त्या गावाचा नकाशा तरी ठाऊक आहे का?"

बशीरचा हात जुळेपर्यंत वली रोज इस्पितळात जात होता, त्याला भरवत होता, त्याचे कपडे धूत होता. बशीर एकदाच म्हणाला, "तुम्ही बसा हो जरा, तुम्हाला बघूनच हात दुखतो माझा."

बंदराच्या गोऱ्या साहेबाने वलीला लाँचवरून काढून दोरखंडाच्या कोठीत टाकलं. पत्र्याची खोली, चार भिंती, डांबराचा वास. वलीसारख्यासाठी तो तुरुंगच. तिथे तडफडत असताना त्याच्या डोक्यात आलं की आपलीच टीम उभी करावी. कोकणचे गडी, दोन मलबारी आणि एक बलुची गोलकीपर त्याने जमवले. नाव ठेवलं पेद्रा मान्सा. बेनेदितो चिखलाच्या रंगाच्या शर्टांबद्दल बोलला होता, म्हणून दोह्याच्या बाजारातून शर्ट विटकरी रंगवून आणले. दोन धुण्यांत ते गुलाबी झाले.

पहिला सामना दुखानच्या तेलकामगारांशी, सहा-शून्य अशी हार. पुढचा चार-शून्य. मग तीन-एक, आणि तो एक गोल मारला होता बशीरने. त्या उन्हाळ्यात ब्राझीलने विश्वचषक जिंकला तेव्हा अख्खा कॅम्प वलीला मुबारकबाद द्यायला आला. त्याने हात मिळवले, पण विचारलं एवढंच, "त्यांच्यात पेद्रा मान्साचा कोणी आहे का?" १९६२ साली त्यांनी दोह्याच्या गोदी कामगारांना दोन-एक हरवलं. तो त्यांचा पहिला विजय. बुरोंडीला सुट्टीवर गेल्यावर वलीने तो सामना बायकोला, हजराला, अंगणात धावून दाखवला. ती म्हणाली, "आता तरी शांत व्हाल का?" तो म्हणाला, "होईन की."

झाला नाही.

१९६४च्या डिसेंबरात कोठीच्या दारात सावली पडली. केस पांढरे झालेला बेनेदितो उभा होता. जहाज नवं होतं, माणूस तोच.

वलीने सलामही केला नाही. "जिंकलात?"

बेनेदितो दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला. "मध्यंतराला एक-शून्य पुढे होतो. मग नदी चढली. सामना थांबवला. पुन्हा खेळवला तेव्हा तीन-एक हरलो."

"मग? पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी पाचवे. त्याच्या पुढच्या वर्षी शेवटून दुसरे. मग वर्कशॉप बंद झालं. माणसं पांगली. क्लब खलास. मैदानावर आता लॉऱ्या उभ्या राहतात."

वली उठला, बाहेर गेला, कोठीला एक वळसा घालून आत आला. आठ वर्षं ज्याच्यासाठी जीव टांगणीला होता ते असं संपलं होतं. पण बुरोंडीच्या दाराशी उभी राहणारी आई त्याला आठवली. निदान हे कळलं तरी होतं.

"चल," तो म्हणाला. "शुक्रवार आहे."

त्या दिवशी दुखानवाले आले होते. पलीकडून अकरा गुलाबी शर्ट मैदानात उतरले तेव्हा वलीने सांगितलं, "हे पेद्रा मान्सा."

बेनेदितो डोळे पुसत हसू लागला. "शर्ट पांढरे असतात रे आमचे! चिखलाचे व्हायचे ते पुरानंतर!"

"मग आता काय करू?"

"राहू दे. छान दिसतात."

सामना सुरू झाला आणि दोघं बाजूच्या रेषेवरून एकमेकांना धडकत वर-खाली पळत राहिले. बेनेदितो आपल्या भाषेत शिव्या देत होता, बलुची गोलकीपर स्वतःच्या भाषेत उत्तर देत होता. दोन-दोन. बरोबरी.

संध्याकाळी बेनेदितोला जहाजावर सोडायला लाँच धक्क्याला लागली. सुकाणूवर आता बशीर होता. लाँचमध्ये उतरताना बेनेदितो म्हणाला, "न्हाव्याच्या दुकानापुढे जुनी मंडळी बसतात अजून, वर्कशॉपची. त्यांना सांगतो, आपला सामना झाला. दुखानशी बरोबरी."

"दोन-दोन सांग," वली म्हणाला. "आणि दुसरा गोल हेडरने होता, तेही सांग. मलबारी पोराचा."

"पुढचा सामना कधी?"

"पुढच्या शुक्रवारी. फायर ब्रिगेडवाल्यांशी. तगडे आहेत ते."

लाँच सुटली. बशीरने हात केला. वली धक्क्यावर थांबला नाही. मैदानाकडे परत निघाला, कारण डाव्या बाजूला खेळणाऱ्या पोराचा बूट फाटला होता आणि अंधार पडायच्या आत मोची गाठायचा होता.